तान्हं गार पडलं तर

गेल्या हिवाळ्यात इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या नऊ दिवसांच्या बाळाने सकाळपासून दूध ओढलं नव्हतं. पणजीने कपाळाला हात लावला. "ताप कुठाय? दृष्ट लागली असेल." मीठ-मोहरी ओवाळून झाली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त सिस्टरनी मात्र बाळाचं पोट आणि तळपाय चाचपले. "आजी, गार पडलंय हो. रिक्षा बोलवा."

जंतुसंसर्ग म्हणजे ताप, हे समीकरण मोठ्यांचं. पहिल्या २८ दिवसांत रक्तात जंतू शिरले, तर बाळ तापण्याऐवजी गारही पडू शकतं.

कारण मोठं मजेदार आहे. तान्ह्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. त्याची शेगडी म्हणजे मान, पाठीची खांद्यांमधली जागा आणि मूत्रपिंडं यांच्याभोवतीची तपकिरी चरबी. हिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली छोटी ऊर्जाकेंद्रं, ठासून भरलेले. एरवी मायटोकॉन्ड्रिया अन्नातल्या ऊर्जेने प्रोटॉन (धनभारित सूक्ष्म कण) आपल्या आतल्या पडद्यापलीकडे ढकलतात, आणि धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावं तसं ते परतताना एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी लागणारं इंधन, तयार होतं. तपकिरी चरबीतल्या पडद्याला मात्र थर्मोजेनिन नावाच्या प्रथिनाची चोरवाट असते. प्रोटॉन जनित्राला वळसा घालून तिथून निसटतात. एटीपी नाही, नुसती ऊब! पण या शेगडीला प्राणवायू आणि इंधन दोन्ही लागतात. संसर्गात श्वास बिघडतो, रक्ताभिसरण मंदावतं, दूध तुटल्याने साखर उतरते. शेगडी विझत जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ही चरबी मुळातच कमी. शिवाय आईचे प्रतिपिंड वारेतून येतात ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, तेही त्याला पुरते मिळालेले नसतात. ती उणीव भरून काढण्याचा दावा करणाऱ्या घुटीच्या बाटल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

काखेतलं तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, मलूलपणा, दूध सोडणं: यांतलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचा. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू वाढायला एक-दोन दिवस जातात, म्हणून प्रतिजैविकं त्याआधीच सुरू करतात. आपल्याकडच्या रुग्णालयांत क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर हे जंतू वरचेवर सापडतात आणि नेहमीच्या औषधांना ते पुष्कळदा दाद देत नाहीत.

शेजारच्या बाळाच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएलाच निघाला, तिसऱ्या दिवशी. औषध पहिल्याच संध्याकाळी लागलं होतं.