पाणाड्याचा नारळ आणि गुळव्याची गोळी

कोल्हापूरकडे करवीर घ्या नाहीतर शिरोळ, बोअर मारायची ठरली की गाडीवाल्याच्या आधी फोन जातो तो पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याला. तो येतो, चपला बांधावर काढतो आणि तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालू लागतो. एका जागी नारळ हलतो, उभा राहतो. तिथं दगड ठेवायचा, तीच जागा. कुणाकडे नारळाऐवजी झाडाची बेचकी असते, कुणाकडे तांब्याच्या तारा. एखाद्याला पायाळूच, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, माणूस लागतो.

यात बहुतेक वेळा लबाडी नसते, हे आधी सांगून टाकतो. नारळ खरोखरच हलतो, आणि आपण काही केलं नाही असं पाणाड्यालाही मनापासून वाटत असतं. 1852 साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं याचा उलगडा केला. मनात एखाद्या हालचालीची नुसती कल्पना आली, तरी स्नायू ती बारीकशी करून टाकतात आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. याला आयडिओमोटर परिणाम म्हणतात. तळहातावरचा नारळ तर अशा तोलात असतो, की बोटं केसभर वाकली तरी पुरे.

पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेनं हे प्रयोगानं दाखवलं. हो, विजेवर काम करणारा तोच फॅरेडे. लंडनमध्ये तेव्हा टेबलाभोवती बसून आत्मे बोलावायचं खूळ होतं. सगळ्यांनी हात टेकले की टेबल फिरायचं. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, एकमेकांना हलकेच चिकटवलेले. टेबल आपणहून सरकत असेल, तर खालचा थर आधी पुढे जायला हवा. प्रत्यक्षात पुढे गेलेला असायचा वरचा, हाताकडचा. मग त्यानं एक काडी अशी बसवली की हात किंचित ढकलू लागला तरी बसणाऱ्याला ती दिसावी. काडी दिसायला लागली आणि टेबल फिरायचं थांबलं.

घरी करून बघायचं असेल तर दोऱ्याला अंगठी बांधा, दोरा चिमटीत धरा, हात अजिबात हलवायचा नाही असं ठरवा आणि मनात फक्त ‘गोल, गोल’ म्हणत राहा. शेव्रोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1833 साली याच लंबकाबद्दल लिहिलं होतं. अंगठी बहुतेकांच्या हातात फिरते.

म्हणजे नारळ जे सांगतो, ते पाणाड्याच्याच मनातलं असतं. आता हे मन काही कोरं नसतं. ओढा कुठून जातो, उंबर कुठं आहे, शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं, हे सगळं त्यानं चालता चालता टिपलेलं असतं. मग या खुणा काढून घेतल्या तर काय उरतं? जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये हे तपासलं गेलं. एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून मनमानी जागी सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा ओळखायची. निवडक 43 जण होते, चाचण्या 843. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले काही मोजके अस्सल वाटले होते. पण जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत तसा चमकत नाही असं दिसलं.

आपल्याकडे मात्र पाणाड्याला नाव मिळतं, आणि त्याला जमिनीचाही हात आहे. खाली काळा कातळ, वर मुरूम. पाणी कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं. पुष्कळ जागी थोडंफार लागतंच. लागलं तर पाणाडी खरा. नाही लागलं तर ‘अजून पन्नास फूट जायला पायजे होतं’. जिथं दगड ठेवला नाही तिथं काय लागलं असतं, हे तर कुणी कधी खणून बघतच नाही.

याच्या शेजारी गुऱ्हाळातला गुळव्या उभा करा. चुलवाणात जळव्या चिपाड सारतोय, काईलीत रस उकळतोय, भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी काढून झालीय. गुळव्या फेसाकडे बघतो. आधीचे मोठे, फसफसणारे बुडबुडे आता बारीक आणि जड झालेले असतात. तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत घेऊन त्याची गोळी वळते का ते बघतो आणि म्हणतो, ‘उतरा’. तापमापी लावली तर आकडा 118 अंश सेल्सियसच्या आसपास दिसेल. थोडं आधी उतरवलं तर गूळ मऊ पडतो, पाझरतो. थोडा उशीर झाला की काळा पडतो. कसं कळलं विचाराल तर म्हणेल, ‘कळतंय की’.

हीसुद्धा अंतःप्रेरणाच. मग ही भरवशाची का, आणि नारळ का नाही? 2009 साली दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून याचं उत्तर लिहिलं. डॅनियल कानेमन हा आतल्या आवाजावर संशय घेणारा, तर गॅरी क्लाइन अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अनुभव अभ्यासून त्याच आवाजाची बाजू घेणारा. भांडायला बसले आणि त्यांचं जवळपास एकमत झालं. मनात येणारा कौल दोन गोष्टी असतील तरच खरा मानायचा: ज्या कामाबद्दल तो आहे त्यात ठाम नियमितपणा हवा, आणि चूक-बरोबर लवकर, स्पष्ट कळण्याची सोय हवी. आपल्याला किती खात्री वाटते, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

गुळव्याकडे दोन्ही आहेत. पाक जितका दाट, तितका त्याचा उत्कलनबिंदू वर. हा निसर्गनियम काही मोडत नाही. आणि चूक झाली तर त्याच दिवशी पाक ओतून गार करायच्या वाफ्यात दिसते, उरलीसुरली मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी भावातून कळते. पाणाड्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

पत्रिका बघणाऱ्यांचीही अशीच परीक्षा झाली होती, तीही महाराष्ट्रातच. घेणारे होते जयंत नारळीकर. त्यांचा जन्म 1938 सालचा, आपल्या कोल्हापूरचाच. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसोबत त्यांनी 200 मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका द्यायच्या, कुठली कुणाची ते त्यानं सांगायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24. ऐकायला बरा वाटतो, पण हिशेब करून बघा: 27 जणांनी नुसतं 40 वेळा नाणं उडवलं, तरी त्यातल्या तीन-चार जणांचे 24 किंवा अधिक बरोबर येतीलच. सगळ्यांची सरासरी तर निम्म्याच्याही खाली होती. एका संस्थेनं पूर्ण 200 पत्रिका बघितल्या, त्यात 102 बरोबर आल्या.

आता उरला देवाचा कौल. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पडली तर होकार. पाकळी पडते ती पाणी सुकून तिची पकड सुटल्यावर. कुठली आधी सुटेल यावर प्रश्नाचा परिणाम होत नाही. तरी कौल अगदीच बिनकामाचा आहे असं मी म्हणणार नाही. स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा पेचात अडकलेल्या लोकांसाठी इंटरनेटवर नाणं उडवायची सोय केली. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. ज्यांना नाण्यानं ‘बदल कर’ सांगितलं, त्यांनी बदल जास्त प्रमाणात केला आणि सहा महिन्यांनी ते अधिक समाधानी असल्याचं सांगत होते. नाण्याला काही ठाऊक नव्हतं. अडकलेली माणसं नुसती हलली. शिवाय डावी पडल्यावर पोटात खड्डा पडला, तर आपल्याला मुळात काय हवं होतं तेही कळतं.

म्हणून कौल लावायचाच तर दोन्ही पर्याय सारखेच बरे असतील तिथं. बोअरला लाखभर रुपये घालायचे असतील तर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे चौकशी करावी. आणि दुखणं अंगावर काढून कौल लावत बसणं म्हणजे निव्वळ जिवाशी खेळ.

सरकारही असा कौल लावतं, फक्त देवाचं नाव न घेता. ग्रामपंचायतीला दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की चिठ्ठ्या टाकतात, पुष्कळदा एखाद्या लहान पोराला बोलावून त्यातली एक उचलायला लावतात. हरलेला कुरकुरतो, पण पोरानं कुणाचा पक्ष घेतला असं त्यालाही म्हणता येत नाही.