पेक्का वसाला आणि फिनलंडची १५०० मीटर

फिनलंडचे रनर म्हटलं की पावो नुर्मी आठवतो, नाहीतर लासे व्हिरेन. पेक्का वसालाचं नाव घेतलं की बरेच जण "हा कोण?" म्हणतात, आणि मला ते कायम खटकत आलंय. १० सप्टेंबर १९७२ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये व्हिरेनने ५००० मीटर जिंकली, आणि त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर वसालाने १५०० जिंकली, तीही केनियाच्या किप केइनोला हरवून. व्हिरेनची आठवडाभर आधीची १०,००० मीटर, ज्यात तो पडला, उठला आणि वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकला, ती इतकी गाजली की वसाला मागेच राहिला.

पण त्या सोन्यामागे किती वर्षं होती हे कळायला थोडं मागे जायला लागतं.

१९२४, पॅरिस. नुर्मीला १५०० आणि ५००० दोन्ही पळायच्या होत्या, आणि दोन्ही फायनल एकाच दिवशी, मध्ये तासभरसुद्धा अंतर नाही. पठ्ठ्याने आधी जूनमध्ये हेलसिंकीला याची चक्क रंगीत तालीम केली, तासाभरात दोन्ही अंतरं पळला आणि दोन्हीत वर्ल्ड रेकॉर्ड केले. पॅरिसला मग दोन्ही सोनी घेतली. हातात स्टॉपवॉच धरून पळायची त्याची सवय, म्हणजे शेजारी कोण आहे यापेक्षा घड्याळ काय म्हणतंय ते महत्त्वाचं. चार वर्षांनी अ‍ॅम्स्टरडॅमला हॅरी लार्वाने १५००चं सोनं घेतलं, ब्राँझही फिनलंडच्याच एइनो पुर्येचं. तेव्हा वाटलं असणार की हे अंतर आता आपलंच.

त्यानंतर ४४ वर्षं काही नाही.

मधे युद्ध आलं. १९३६चा ५००० मीटरचा चॅम्पियन गुन्नार होकर्ट फेब्रुवारी १९४०मध्ये सोव्हिएत युनियनविरुद्धच्या लढाईत मारला गेला. त्याच्या आठवणीसाठी लाउरी लेहतिनेनने आपलं १९३२चं ऑलिंपिक सोनं आघाडीवर पराक्रम गाजवलेल्या एका सैनिकाला देऊन टाकलं. हे वाचलं की दर वेळी पोटात कालवतं. युद्धानंतर १९५२ला ऑलिंपिक खुद्द हेलसिंकीत भरलं (आपल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ मिळवलं तेच), ज्योत नुर्मीने स्टेडियममध्ये आणली, लोक उभे राहून ओरडत होते, आणि त्याच स्टेडियममध्ये घरच्या माणसांना धावण्याचं एकही सोनं मिळालं नाही.

पुढची गोष्ट फिनलंडबाहेर फारशी कोणी सांगत नाही. ११ जुलै १९५७, तुर्कू, म्हणजे नुर्मीचं गाव. १५००च्या शर्यतीत ओलावी साल्सोला आणि ओलावी सालोनेन दोघांची वेळ ३:४०.२, तिसरा ओलावी वुओरिसालो ३:४०.३. जुना वर्ल्ड रेकॉर्ड ३:४०.६ होता, म्हणजे एका शर्यतीत तिघांनी तो मोडला आणि तिघांचंही नाव ओलावी! आणि दुसऱ्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियात स्तानिस्लाव्ह युंगविर्थ ३:३८.१ पळला. एका दिवसाचा रेकॉर्ड. म्हणजे पोरं होती, वेग होता, पण ऑलिंपिकला काही जमत नव्हतं.

साठच्या दशकाच्या शेवटी फिनलंडने न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डला बोलावलं. हा माणूस पूर्वी बूट बनवायच्या कारखान्यात कामाला होता, कुठली डिग्री वगैरे नाही, सगळे प्रयोग आधी स्वतःच्या पायांवर केलेले. त्याचं म्हणणं असं की ८०० पळणारा असो की मॅरेथॉन पळणारा, आधी महिनोन् महिने लांब पळा, आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास, मग चढांवर उड्या मारत पळा, आणि वेगाचं काम सगळ्यात शेवटी. त्याच्या पीटर स्नेलने याच पद्धतीने १९६४ला ८०० आणि १५०० दोन्ही जिंकल्या होत्या, त्यामुळे बोलायला पुरावा होता. फिनलंडच्या कोचनी ते मनावर घेतलं, आणि जंगलातल्या वाटा तर त्यांच्या दारातच होत्या.

वसाला याच काळातला पोरगा. जन्म १९४८चा, रीहिमॅकी या रेल्वे जंक्शनच्या गावातला. १९६८ला वयाच्या विसाव्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकला गेला आणि तिथे पोट बिघडलं, हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीतच, शेवटचा आला. इतक्या लांब जाऊन असं व्हावं आणि लोकांनी फक्त निकालाचा तक्ता बघावा, काय वाटलं असेल त्या पोराला. १९७१ला हेलसिंकीच्या युरोपियन स्पर्धेत युहा व्हॅटॅइनेनने दोन सोनी जिंकून स्टेडियम डोक्यावर घेतलं, वसालाला १५००मध्ये मेडल नाही.

आणि मग १९७२चा ऑगस्ट. हेलसिंकीला तो ८०० मीटर १:४४.५ मध्ये पळला, युरोपियन रेकॉर्ड, वर्ल्ड रेकॉर्डपासून फक्त ०.२ सेकंद लांब. म्युनिकच्या १५००च्या फायनलला तीन आठवडे राहिले होते.

म्युनिकची १५०० थोडी विचित्रच झाली. १५००चा वर्ल्ड रेकॉर्ड ज्याच्या नावावर होता तो अमेरिकेचा जिम रायन हीटमध्येच धक्का लागून पडला आणि बाहेर गेला. इस्रायली खेळाडूंच्या हत्येमुळे स्पर्धा थांबवून पुढे ढकलल्या होत्या, वातावरण जड होतं. फायनल संथ सुरू झाली, पहिला लॅप ६१ सेकंदांच्या वर, आणि मग अर्ध्यावर केइनोने वेग वाढवला. केइनो म्हणजे मेक्सिकोचा विजेता, त्याच म्युनिकमध्ये स्टीपलचेसचं (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत) सोनंही घेऊन बसलेला. वसाला त्याच्या खांद्यामागे चिकटला आणि सुटलाच नाही, एक लॅप, बॅक स्ट्रेट, शेवटचं वळण, आणि सरळ ट्रॅक लागल्यावर बाहेरून निघून गेला. ३:३६.३, केइनो ३:३६.८, न्यूझीलंडचा रॉड डिक्सन तिसरा. शेवटचे ८०० मीटर वसालाने साधारण १:४९ मध्ये काढले! आधी ७०० मीटर पळून झाल्यावर हे. लिडियार्डचे ते लांब पल्ल्याचे महिने कामाला आले ते इथे, कारण नुसता फास्ट माणूस दोन लॅप असा वेग ओढू शकत नाही.

नुर्मी तेव्हा जिवंत होता, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. म्हणजे आपल्या १५००चं सोनं ४४ वर्षांनी पुन्हा घरी आलेलं त्याच्या हयातीतच झालं.

वसालाचं पुढे फार लांबलं नाही, दुखापतींनी गाठलं. १९७६ला माँट्रियलला व्हिरेनने पुन्हा ५००० आणि १०,००० जिंकल्या तेव्हा १५००च्या स्टार्टलाइनवर वसाला नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत फिनलंडला या शर्यतीत ऑलिंपिक मेडल नाही. म्युनिकच्या त्या फायनलचं फुटेज मिळालं तर केइनोकडे बघू नका, त्याच्या मागच्या निळ्या-पांढऱ्या बनियनकडे बघा.