मूळची सोपी रचना आणि सोपी करून घेतलेली रचना

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत पियानोच्या स्टँडवर पुष्कळदा दोन पाने शेजारी शेजारी उभी असतात. एका पानावर ‘मिन्युएट इन जी’ असते आणि दुसऱ्यावर ‘फ्युर एलिझे’. दोन्ही रचना एकेका पानात मावलेल्या, दोन्हींतले स्वर मोठ्या ठशात छापलेले, दोन्हींवर बोटांचे आकडे घातलेले, आणि दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘सोपे’ हा शब्द. पालकांना ही दोन्ही पाने एकाच पायरीची वाटतात आणि त्यांची पसंती बहुतेक वेळा दुसऱ्या पानाला मिळते, कारण ती चाल घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची असते. माझ्या मते नवशिक्या विद्यार्थ्याच्या सरावाचा पाया पहिल्या पानावर घातला पाहिजे. ही दोन पाने दिसायला सारखी असली तरी हाताला ती अगदी वेगळ्या गोष्टी शिकवतात.

पहिले पान मूळच्या सोप्या रचनेचे आहे, म्हणजे ती रचना लिहिली गेली तेव्हापासूनच शिकणाऱ्याच्या हाताला झेपेल अशी आहे आणि आजही स्वर न स्वर तशीच छापली जाते. दुसरे पान सोपी करून घेतलेल्या रचनेचे आहे, म्हणजे मूळ रचना अवघड होती आणि पुढे कोणीतरी तिच्यातले काही स्वर गाळून, काही हलवून, कधी पट्टीच, म्हणजे रचनेचा आधारसूर, बदलून ती नवशिक्याला झेपेल अशी केली. वडिलांचा सदरा आखूड करून मुलाच्या अंगात घातला की बाह्या मापात येतात, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते. सोप्या करून घेतलेल्या रचनेत ही खांद्याची शिवण नेमकी कुठे असते, हे दोन-तीन बार, म्हणजे उभ्या रेघांमधली मात्रांची घरे, जवळून पाहिले की कळते.

‘मिन्युएट इन जी’ घेऊ. जर्मन संगीतकार बाखने आपल्या दुसऱ्या पत्नीसाठी, आना माग्दालेनासाठी, १७२५ मध्ये जी वही सुरू केली तिच्यात ही रचना आहे. ती बराच काळ बाखच्याच नावावर होती, पण ती ख्रिस्तियान पेट्सोल्ड या ऑर्गनवादकाची असल्याचे आता मान्य झाले आहे. पहिल्या दोन बारांमध्ये उजव्या हाताची करंगळी वरच्या ‘डी’वर पडते, मग अंगठा ‘जी’वर, आणि तिथून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे स्वर एकेका बोटाने चढत पुन्हा करंगळीवर ‘डी’ येतो. त्यानंतर अंगठ्याने दोनदा ‘जी’. पाच बोटे, पियानोच्या पाच पट्ट्या, आणि हात जागचा हललेला नाही. तिसऱ्या बारमध्ये मात्र स्वर ‘ई’वर जातो आणि हाताला पहिल्यांदा आपली जागा सोडावी लागते, तर चौथ्या बारमध्ये वरच्या ‘जी’वरून खालच्या ‘जी’वर एका सप्तकाची उडी येते. आधी स्थैर्य, मग सरकणे, मग उडी, असा हा क्रम आहे. त्याच वेळी डावा हात या सुरुवातीच्या बहुतेक बारांत एकच लांब स्वर धरून असतो, पण तो स्वर प्रत्येक बारला बदलतो आणि सलग ऐकला तर त्याची स्वतःची एक चाल होते. या पानावरून एकही स्वर काढलेला नाही आणि एकही काढता येणार नाही.

आता ‘फ्युर एलिझे’. बीथोव्हेनने १८१० मध्ये लिहिलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये, छापली गेलेली ही रचना. सुरुवातीचे ‘ई’ आणि ‘डी शार्प’ (‘डी’च्या लगतची वरची काळी पट्टी) यांचे ये-जा करणारे स्वर कोणीही वाजवू शकतो, त्यामुळे ती सोपी असल्याचा समज तिथेच होतो. उजवा हात ‘ए’वर येऊन थांबतो तेव्हा मूळ रचनेत डावा हात खालून ‘ए’, ‘ई’, ‘ए’ असा चढतो आणि तो वर पोहोचताच उजवा हात ‘सी’, ‘ई’, ‘ए’ असे पुढचे स्वर उचलून ‘बी’वर जाऊन टेकतो. एक लाट डाव्या हातातून उजव्या हातात सांडते आणि पेडलमुळे, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीमुळे, तिचे दोन तुकडे जाणवत नाहीत. पुढच्याच बारमध्ये डाव्या हाताला खालच्या ‘ई’पासून वरच्या ‘जी शार्प’पर्यंत सप्तकाहून अधिक अंतर जायचे असते, आणि लहान हाताला ते मनगट सैल ठेवून सरकल्याशिवाय जमत नाही.

सोप्या केलेल्या पानावर ही लाटच नसते. डावा हात एक ‘ए’ धरून बसतो, उजवा हात उरलेले स्वर एकट्याने वाजवतो. पुढचे दोन भाग, एक ‘एफ मेजर’मधला वेगवान स्वरांचा आणि दुसरा डाव्या हाताच्या एकाच खालच्या ‘ए’च्या सततच्या ठोक्यांवर उभा असलेला, पूर्णपणे गाळलेले असतात. चाल तेवढी राहते. मला यात मोठे नुकसान वाटते ते हे, की एका हाताने दुसऱ्या हाताकडे स्वर सोपवायचे, हा या रचनेचा जीवच आहे आणि छाटणीत पहिला वार त्याच्यावर पडतो.

ऐकणाऱ्याला हे नुकसान जाणवत नाही, ते हातात साठते. घोडबंदर रोडवरून येणारी माझी एक विद्यार्थिनी सोपी ‘फ्युर एलिझे’ जवळजवळ दोन वर्षे वाजवत होती आणि ती मीच तिला दिली होती, कारण तिचा सरावातला उत्साह टिकावा एवढाच तेव्हा माझा विचार होता. पुढे मूळ रचना घ्यायची वेळ आली तेव्हा तिला नोटेशन नीट वाचता येत होते, बोटांत पुरेसे बळ होते, पण लाटेच्या जागी आले की तिचा डावा हात पहिल्या ‘ए’वर बसल्यासारखा थांबायचा. हाताला तेच शिकवलेले होते. नवी रचना शून्यातून बसवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ही जुनी सवय पुसायला लागला, आणि त्या महिन्यांत तिची जी चिडचिड झाली तिला मी कारणीभूत होते.

‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागाचे याहून अवघड होते. मूळची पट्टी ‘सी शार्प मायनर’, म्हणजे चार शार्प, म्हणून सोप्या आवृत्त्यांमध्ये ती बहुधा ‘ए मायनर’ किंवा ‘डी मायनर’मध्ये आणलेली असते. पण त्या रचनेची खरी अडचण शार्पमध्ये नाहीच. वरची चाल करंगळीने धरून ठेवायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी तीन-तीन स्वरांचे गट हलके वाजवत राहायचे, ही ती अडचण आहे. सोप्या आवृत्तीत हे गट डाव्या हाताकडे दिले की अडचण मिटते आणि तिच्याबरोबर शिकण्यासारखे जे होते तेही जाते. पट्टी बदलल्यामुळे काळ्या पट्ट्यांवरची हाताची ठेवणही नंतर उपयोगी पडत नाही.

इथे एक फरक मात्र जपला पाहिजे. दुसऱ्याने मांडलेली प्रत्येक रचना छाटलेली नसते. एखादे मराठी भावगीत, एखादी ओवी, शाळेत म्हटली जाणारी प्रार्थना यांची पियानोवरची मूळ रचना अशी काही नसतेच, त्यामुळे ती नवशिक्याच्या हातासाठी मांडली तर काहीही गाळले जात नाही. हंगेरियन संगीतकार बार्टोकने १९०८ पासून हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीते घेऊन मुलांसाठी जो संग्रह लिहिला, त्यात त्याने सप्तकाचा ताण येईल असे काही ठेवले नाही. चाली उसन्या आहेत, पण पियानोचे लेखन अव्वल आहे. अशा मांडणीला मी मूळच्या सोप्या रचनेच्या रांगेत बसवते. उलट गणपतीत पाहुण्यांसमोर वाजवायला म्हणून नेटवरून उतरवून घेतलेल्या आरतीत डावा हात प्रत्येक बारला तोच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तेच स्वर, आपटत असेल, तर ती मांडणी गीताचीच असली तरी तिच्यातून डाव्या हाताला काही मिळत नाही. आपल्याकडे पेटीवरून पियानोकडे वळलेली मुले पुष्कळ असतात. त्यांचा डावा हात भात्यावर वाढलेला असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत मी याकडे अधिक लक्ष देते.

उतारा हाही वेगळा प्रकार आहे. ‘फ्युर एलिझे’चा पहिला भाग एकही स्वर न बदलता, पेडलसकट वाजवायला दिला तर ती छाटणी होत नाही. तो भाग जसाच्या तसा हातात राहतो आणि पुढचे दोन भाग दोन वर्षांनी त्याला येऊन जोडता येतात.

पान हातात आल्यावर ओळखायचे कसे? संगीतकाराचे नाव बहुतेक छपाईत पानाच्या उजव्या कोपऱ्यात असते. तिथे त्याच्या नावाखाली ‘अरेंज्ड बाय’ किंवा ‘सिम्प्लिफाइड’ असे काही छापलेले असेल तर ती सोपी केलेली आवृत्ती आहे. ‘एडिटेड बाय’ असेल तर घाबरायचे कारण नाही, कारण संपादक साधारणपणे बोटांचे आकडे आणि जोरकस-हलक्याच्या खुणा घालतो, स्वर तसेच ठेवतो. दुसरी खूण पट्टीची: मूळ रचना कोणत्या पट्टीत आहे ते शोधायला मिनिटभर लागते, आणि हातातले पान दुसऱ्याच पट्टीत असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. फोनवर फुकट मिळणाऱ्या पानांवर पुष्कळदा मांडणी करणाऱ्याचे नावच नसते, म्हणून तिथे ही दुसरी खूणच कामाची.

मूळच्या सोप्या रचना तुटपुंज्या आहेत अशी समजूत मला पालकांत वारंवार आढळते आणि ती निराधार आहे. शूमानने १८४८ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या अल्बममध्ये ४३ रचना आहेत. त्याची सुरुवात थोरल्या मुलीच्या, मारीच्या, वाढदिवसासाठी लिहिलेल्या काही रचनांपासून झाली. पहिल्या अठरा रचना लहानांसाठी आणि उरलेल्या थोड्या मोठ्यांसाठी, अशी विभागणी त्यानेच केलेली आहे. दहाव्या रचनेत, आनंदी शेतकऱ्याच्या, चाल डाव्या हातात आहे आणि उजवा हात साथ करतो. पेटीवरून आलेल्या मुलाला मी ही रचना शक्य तितक्या लवकर देते. ज्या हाताला तोवर कोणी विचारले नव्हते त्याला अचानक गायला मिळते आणि मुलाचा चेहरा बदलतो. चायकोव्स्कीचा १८७८ चा २४ रचनांचा बाल-अल्बमही याच वाटेवरचा आहे. अगदी पहिल्या महिन्यांसाठी बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’चे पहिले दोन भाग आहेत. त्यांतल्या काही रचना मुलांना सुरुवातीला रुक्ष वाटतात, हे मान्य करावे लागेल.

मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला तर छाटलेल्या रचनेची गरज मला जवळजवळ दिसतच नाही. त्याच्यासाठी बुर्गम्युलरच्या २५ अभ्यासिका आहेत, आणि त्या अभ्यासिका असूनही प्रत्येकीचे स्वतंत्र नाव आणि भाव आहे. क्लेमेंटीच्या १७९७ च्या सहा सोनाटिना, म्हणजे छोटे सोनाटा, आहेत. बीथोव्हेनच वाजवायचा असेल तर ओपस ४९ (ओपस म्हणजे प्रकाशित कृतीचा क्रमांक) मधला ‘जी मेजर’ सोनाटा आहे, जो १८०५ मध्ये सोपा सोनाटा म्हणूनच छापला गेला. शोपाँ हवा असेल तर ओपस २८ मधला ‘ए मेजर’ प्रिल्यूड (एक छोटी स्वतंत्र रचना) केवळ १६ बारांचा आहे. त्याच्या बाराव्या बारमध्ये एक रुंद कॉर्ड येतो आणि लहान हाताला तो खालून वर क्रमाने उलगडून वाजवावा लागतो, पण बाकी सगळे आवाक्यातले आहे. त्याच संग्रहातला ‘ई मायनर’ प्रिल्यूड २५ बारांचा आहे, आणि त्यात उजव्या हाताला फार थोडे स्वर असूनही डाव्या हाताचे कॉर्ड सारख्या वजनाने वाजवणे हे एका ऋतूचे काम आहे. ज्या मुलाला शोपाँच्या अवघड वॉल्टझची छाटलेली आवृत्ती दिली जाते, त्याच मुलाला हे १६ बार अस्सल शोपाँ म्हणून देता येतात.

परीक्षांबद्दल थोडेच. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या सुरुवातीच्या ग्रेडच्या याद्यांमध्ये दोन्ही प्रकारच्या रचना असतात, त्यामुळे यादीत नाव आहे एवढ्यावरून रचना कोणत्या प्रकारची आहे ते ठरत नाही. तिथेही पान पाहूनच निवडावे. वाद्याचा विचारही तिथेच करावा. घरी ६१ पट्ट्यांचा, दाबाप्रमाणे आवाज न बदलणारा कीबोर्ड असेल, तर हलके-जोरकस यावर उभी असलेली रचना घरी सरावात फुलत नाही, आणि अशा मुलाला मी मिन्युएटसारख्या दोन स्वतंत्र चालींच्या रचना अधिक देते.

सोप्या करून घेतलेल्या रचना मी माझ्या शिकवणीतून हद्दपार केलेल्या नाहीत. आजीला ओळखीची चाल ऐकवावी असे एखाद्या मुलीला मनापासून वाटते, तेव्हा ती इच्छा पियानोपाशी रोज बसायला पुरेशी असते आणि मी ती मोडत नाही. पण आता अशी रचना मी पहिल्या नजरेत वाचून वाजवण्याच्या सरावासाठी, दोन-तीन आठवड्यांच्या बोलीवर देते आणि ती पाठ करू देत नाही, कारण पाठ झालेलेच हातात रुतून बसते. आठवड्याचा मुख्य सराव, रोजची पहिली वीस मिनिटे, मूळच्या सोप्या रचनेची. ‘फ्युर एलिझे’ मागणाऱ्या मुलांना मी त्या लाटेचे दोनच बार आधी वेगळे शिकवते: डोळे मिटून, डाव्या हातातून उजव्या हातात, पेडल दाबून. ते दोन बार विनासायास जमू लागले की मूळ पान उघडते, आणि तोवर स्टँडवर मिन्युएट असते.