एबीएसचा पिवळा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा

दहा-बारा वर्षे वापरलेल्या एसयूव्हीत पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो आणि चालक घोडबंदर रोडच्या कडेला गाडी लावून ‘ब्रेक फेल झाले’ असे घरी कळवतो. तोच चालक गायमुखच्या चढावर लाल दिवा लुकलुकला की ‘सेन्सरचे काहीतरी असेल’ म्हणून महिनाभर तशीच गाडी चालवतो. काळजी नेमकी उलट्या ठिकाणी केली जाते.

पिवळा दिवा एबीएसपुरता बोलतो. चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी कडी आणि तिच्याजवळ बसवलेला सेन्सर यांच्याकडून एबीएसच्या संगणकाला चाकांचा वेग कळत असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले, तर त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडून पुन्हा दिला जातो. सेन्सरकडून येणारा संकेत तुटला की ही यंत्रणा स्वतःला बंद करून घेते व दिवा लावते. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमार्फत (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागामार्फत) चारही चाकांपर्यंत पूर्वीप्रमाणेच पोहोचतो. फरक पडतो तो ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावताना: चाके जाम होऊ शकतात आणि जाम झालेली पुढची चाके स्टिअरिंगचे ऐकत नाहीत. पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, टोइंगची गरज नसते. कारण बहुधा किरकोळ निघते. सेन्सरवर चिखल बसलेला असतो, सस्पेन्शनचे काम करताना वायर ताणली गेलेली असते, बेअरिंगमध्ये खेळ आलेला असतो किंवा बॅटरीच अशक्त झालेली असते.

लाल दिव्याची अडचण अशी की तो एकटा अनेक निरोप देतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो आणि टाकीतले ब्रेक ऑइल कमी झाले तरी लागतो. ऑइल दोन कारणांनी उतरते: पॅड झिजल्यावर कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात व त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते, किंवा कुठेतरी गळती असते. पातळी काठावर आली की चढावर वा वळणावर ऑइल एका बाजूला जाते, टाकीतला फ्लोट खाली बसतो, दिवा क्षणभर लागतो आणि सपाटीवर विझतो. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या २०११ च्या डिझेल एसयूव्हीत हेच होत होते. गॅरेजवाल्याने ऑइल भरून दिले, दिवा गेला, चाक मात्र कोणी उघडले नाही. दोन महिन्यांनी ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावे लागले. लाल दिव्यावर नुसते ऑइल ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

हँडब्रेक सोडलेला असूनही लाल आणि पिवळा हे दोन्ही दिवे एकत्र लागले, तर गाडी पुढे नेऊ नये. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकच्या जोराची वाटणी करणारी ईबीडी यंत्रणा एबीएसच्याच सेन्सरांवर चालते. तीही बंद पडली, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरू शकते.

तरीही ब्रेक निकामी होण्याचे काही प्रकार असे आहेत की त्यांत एकही दिवा लागत नाही. मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले, तर ऑइल बाहेर न पडता आतल्या आत निसटते आणि दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत जाते. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला चालू इंजिनामुळे मिळणारा व्हॅक्यूम मिळाला नाही, तर पेडल दगडासारखे कडक लागते. म्हणूनच उतारावर इंजिन बंद करणे घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळणारे डॉट ३ प्रतीचे ऑइल पुरेसा ओलावा धरल्यावर १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. लोणावळ्याहून खोपोलीकडे ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरला, तर उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते आणि चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

एक प्रकार याहून फसवा आहे. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला, तर सेन्सर कडीपासून किंचित दूर सरकतो. जुन्या पद्धतीच्या चुंबकीय सेन्सरचा संकेत कमी वेगात आधीच क्षीण असतो; सिग्नलपाशी गाडी थांबता थांबता तो नाहीसा झाला, की संगणकाला चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि तो दाब सोडतो. पायाखाली पेडल थरथरते, करकर ऐकू येते आणि गाडी दोन-चार फूट पुढे सरकते. दिवा मात्र लागेलच असे नाही. कोरड्या रस्त्यावर, हलक्या पायाने ब्रेक लावतानाही असे होत असेल, तर गंज खरवडून बैठक साफ करून घ्यावी.

जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवल्यावर पिवळा दिवा काही क्षण लागून विझतो का, ते पाहावे. तो मुळीच लागला नाही, तर एबीएस ठीक आहे असे समजू नये. कोणीतरी बल्बच काढून ठेवलेला असू शकतो.