पाणीपुरवठा खात्याची प्रकृती: मोजमापाचा मागोवा

विहारचं पाणी मुंबईत 1860 साली आलं. मग तुळशी 1879, तानसा 1892, मोडक सागर 1957, पुढे अप्पर वैतरणा, भातसा, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. या दीडशे वर्षांत पाणीखातं बरं चाललंय का, याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच आकड्यात दिलं गेलं: रोज किती पाणी आणलं. आधी दशलक्ष गॅलन, मग दशलक्ष लिटर. त्या काळाला ते साजेसंही होतं. मोडक सागराला न. वि. मोडक या अभियंत्याचं नाव मिळालं, यातून त्या पिढीचा अभिमान कळतो. पण धरण बांधणं हे एकदाचं काम आहे. आलेलं पाणी घरोघरी रोज नीट पोचवणारी यंत्रणा धड आहे का, हे धरणाच्या पातळीवरून कळत नाही.

1970च्या दशकात जागतिक बँकेचं कर्ज मुंबईत आलं, तेव्हा दुसरं माप आलं. बँकेला परतफेडीची खात्री हवी होती. पाणी आणि मलनिःसारणाचा जमाखर्च वेगळा दिसू लागला. महापालिकेचा ‘अर्थसंकल्प ग’ तो हाच. हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. अनेक नगरपालिकांमध्ये पाणीपट्टी सर्वसाधारण खात्यात जमा होते, विजेचं बिल दुसरीकडून भरलं जातं आणि योजना तोट्यात आहे की नाही हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही.

राज्यात वेगळीच घडी बसली. 1976च्या कायद्याने महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ उभं राहिलं, 1997 मध्ये त्याचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. अमरावतीसारख्या काही ठिकाणी प्राधिकरण स्वतः घरोघरी पाणी देतं. पण बहुतेक योजना बांधून नगरपालिकेच्या ताब्यात दिल्या जातात. बांधणारा एक, चालवणारा दुसरा. जलवाहिनीचा नकाशा हाती आला तरी ती टाकणाऱ्या अभियंत्यांचा अनुभव हस्तांतरणात येत नाही. आजच्या अनेक दुखण्यांचं मूळ मला इथे दिसतं.

2007 मध्ये आशियाई विकास बँक आणि केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 20 शहरांची तुलना प्रसिद्ध केली. एकाही शहरात 24 तास पाणी नव्हतं. सरासरी होती 4.3 तास. त्यात आणखी एक आकडा होता, दर हजार नळजोडण्यांमागे कर्मचारी किती. सरासरी 7.4. हे महत्त्वाचं, कारण माणसं मोजण्याचा हा प्रयत्न पुढच्या टप्प्यात गळून पडला.

तो टप्पा म्हणजे केंद्र सरकारचे 2008 चे सेवा स्तर निकष, म्हणजे शहराची सेवा किती चांगली हे मोजायची ठरावीक मापं. पाणीपुरवठ्यासाठी नऊ: घरांपर्यंतची व्याप्ती, दरडोई रोज 135 लिटर, मीटर, महसूल न मिळणारं पाणी (गळती, चोरी वगैरे) 20 टक्क्यांच्या आत, 24 तास पुरवठा, गुणवत्ता, तक्रार निवारण, खर्चाची भरपाई, वसुली. तेराव्या वित्त आयोगाने (2010-15) अनुदानाचा एक भाग या निकषांशी जोडला, आणि दर वर्षीची उद्दिष्टं राजपत्रात छापणं शहरांना भाग पडलं. याच सुमारास राज्याच्या सुजल निर्मल अभियानातून पाणी लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण आणि ग्राहक सर्वेक्षण छोट्या नगरपालिकांपर्यंत पोचलं. कराडजवळच्या मलकापूरने मीटरसह 24 तास पाणी देऊन दाखवलं, आणि हे फक्त मोठ्या महापालिकांचं काम आहे हा समज मोडला.

निकषांच्या पुस्तिकेत प्रत्येक आकड्याला ‘अ’ ते ‘ड’ अशी विश्वासार्हतेची श्रेणी देण्याची सोय होती. माझ्या मते हा तिचा सर्वांत प्रामाणिक भाग. पाणी सोडतो तिथे मोठं मीटर नाही, घरी मीटर नाही, मग गळती 30 टक्के कशावरून? अंदाजावरून. म्हणजे ‘ड’. मात्र चर्चा 30 ची होते, ‘ड’ची कोणी करत नाही.

नऊपैकी एकही निकष संस्थेतल्या माणसांबद्दल नाही. अमेरिकेत 2007 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था आणि सहा जलसंघटनांनी सुदृढ पाणीसंस्थेची दहा लक्षणं ठरवली, त्यात कर्मचारी व नेतृत्वाची घडण हे स्वतंत्र लक्षण होतं. त्याचं महत्त्व कंबोडियात दिसतं. राजधानी नॉम पेनच्या पाणीसंस्थेचे प्रमुख म्हणून 1993 साली ‘एक सोन चान’ नावाचे अधिकारी आले तेव्हा सुमारे 72 टक्के पाण्याचा पैसा येत नव्हता; पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास उतरलं. हजार जोडण्यांमागे कर्मचारी 22 वरून 4 वर आले. तिथे प्रशिक्षण, बढतीचे नियम आणि बिल न भरणाऱ्या बड्यांचीही जोडणी तोडण्याची हिंमत, हे सगळं एकत्र बदललं. नुसत्या पाइपांवर खर्च केला असता तर हे घडलं नसतं.

आपल्याकडे 2021 च्या अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी योजनेसोबत शहरांचा पाणीपुरवठा तपासणारं पेयजल सर्वेक्षण आलं, म्हणजे मोजणी वाढली. पण किती पदं रिक्त आहेत, पंप आणि व्हॉल्व्ह कंत्राटी माणसांवर किती सोपवलेत, मुख्य अधिकारी किती महिन्यांत बदलतो, हे प्रश्न निकषांच्या बाहेरच राहिले. मुंबईच्या कोणत्याही वॉर्डात चावीवाल्याला विचारा: कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की टेकडीवरच्या चाळीत पाणी चढतं, हे त्याला पाठ असतं. तो निवृत्त होण्याआधी ते कोणी लिहून घेतलंय का, याची नोंद मागणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.