छत्री मोठी, तर झटका मोठा?

स्कायडायव्हिंग शिकणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: उघडताना छोट्या पॅराशूटचा झटका जास्त बसतो की मोठ्याचा? दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणारे अनुभवी लोक भेटतात, आणि दोघांकडेही मांडीवर उमटलेल्या हार्नेसच्या (अंगाला छत्री बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) वळांचा पुरावा असतो. माझ्या मते प्रश्नच जरा चुकीचा मांडला जातो.

आधी थोडा हिशेब. पोटावर आडवा होऊन पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत साधारण ताशी १९५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५४ मीटर वेग गाठतो. मग वेग वाढायचा थांबतो, कारण हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका झालेला असतो. आता समजा, त्याच्याकडची छत्री पूर्ण उघडल्यावर त्याला सेकंदाला ५.४ मीटर वेगाने खाली आणते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहापट, तर विरोध शंभरपट. म्हणजे हीच छत्री ५४ मीटरच्या वेगाला एका क्षणात पूर्ण उघडली, तर ८० किलोच्या माणसाला ८ टनांचा हिसका बसेल. त्यात छत्री वाचणार नाही, माणूस तर नाहीच. छत्रीचं क्षेत्रफळ निम्मं केलं, तर हिसकाही निम्मा, ४ टनांचा. या हिशेबाने मोठी छत्रीच जास्त घातक ठरते!

पण कुठलीच छत्री एका क्षणात उघडत नाही. ती भरायला ठरावीक अंतर लागतं, आणि हे अंतर ढोबळमानाने छत्रीच्या लांबी-रुंदीच्या पटीत असतं. लांबी दुप्पट झाली की आत मावणारी हवा आठपट होते, पण ती आत घेणाऱ्या तोंडांचं क्षेत्रफळ चौपटच होतं. त्यामुळे मोठी छत्री भरायला उशीर लावते, आणि तेवढ्या वेळात माणसाचा वेग बराचसा उतरलेला असतो. शंभरपट ताकद लावू शकणारी छत्री पूर्ण उघडते तेव्हा ती ताकद लावायला वेगच शिल्लक नसतो.

याच्या उलट उदाहरण टँडम उडीचं, म्हणजे दोघांनी एकत्र बांधून घेऊन एकाच छत्रीने मारलेल्या उडीचं. तिथे दोघांच्या वजनामागे एक छोटी ड्रोग छत्री सोडतात. दोनशे किलोच्या आसपासच्या वजनापुढे ती इतकी लहान असते की भरेपर्यंत वेगात फारसा फरकच पडत नाही. तिचं कामही दोघांना थांबवायचं नसतं, वेग एका माणसाच्या वेगाइतका ठेवायचा असतो. म्हणून नुसतं क्षेत्रफळ सांगून भागत नाही, त्यावर किती वजन लटकणार तेही सांगावं लागतं. या गुणोत्तराला विंग लोडिंग म्हणतात, आणि ते जगभर पौंड प्रति चौरस फूट असंच मोजतात. साहित्यासकट ९२ किलो, म्हणजे सुमारे २०३ पौंड भरणारा माणूस शिकाऊ लोकांच्या २८० चौरस फुटांच्या छत्रीखाली ०.७ वर असतो. तोच १३५ च्या छत्रीखाली गेला की थेट १.५ वर.

आता स्लायडर. झटका बसणार की नाही, हे आकारापेक्षा जास्त या कापडाच्या तुकड्यावर अवलंबून असतं. आयताकृती तुकडा, चारही कोपऱ्यांत धातूची कडी, आणि प्रत्येक कडीतून ओवलेला दोऱ्यांचा एकेक जुडगा. घडी घालताना तो पार वर, छत्रीच्या पोटाला टेकवून ठेवायचा. छत्री पिशवीतून सुटली की खालून येणारा वारा स्लायडरला वर दाबून धरतो आणि दोऱ्यांना फाकू देत नाही. छत्रीच्या सात किंवा नऊ कप्प्यांत मात्र समोरून हवा शिरत असते, आणि ती रुंद व्हायला बघत असते. सुरुवातीला स्लायडरची सरशी होते. कप्पे भरत आले की पारडं फिरतं, दोऱ्या फाकतात आणि स्लायडर सर्रकन खाली रायझरपर्यंत, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांपर्यंत, येतो. घडी घालताना तो वरून थोडासा जरी घसरलेला राहिला, तरी छत्री मधली पायरी गाळून एकदम उघडू शकते. मग ती १३५ ची असो की २८० ची, मान धरलीच म्हणून समजा.

मऊ उघडण्याची किंमत उंचीत मोजावी लागते. ५४ वरून ६ मीटरवर यायला १०० मीटर वापरले, तर अंगावर सरासरी वजनाच्या अडीचपट भार येतो. तेच काम २० मीटरमध्ये उरकलं, तर आठपटीहून जास्त. म्हणून मुख्य छत्री सावकाश उघडेल अशी बनवतात आणि रिझर्व्ह, म्हणजे मुख्य छत्री दगा देईल तेव्हासाठीची राखीव छत्री, मुद्दाम झटपट उघडणारी. रिझर्व्हची वेळ येते तेव्हा उंची आधीच खर्च झालेली असते.

मग छोट्या छत्रीची भीती कशाला? खरी भीती झटक्याची नाहीच. उघडताना खांदा जरा कलला, हार्नेसमध्ये एका मांडीवर जास्त भार आला, तर मोठी छत्री थोडी वळते आणि सावरते. छोटीचा पसारा कमी, दोऱ्या आखूड, वेग जास्त, त्यामुळे तेवढ्याच कलण्याने ती झपकन वळायला लागते. तिच्या गतीने माणसाचं शरीर वळत नाही, आणि दोऱ्यांना पीळ पडतो. पीळ मोठ्या छत्रीच्या दोऱ्यांनाही पडतो. तिथे ती बऱ्याचदा सरळ उडत राहते, आणि माणूस पाय झाडून, पीळ दिलेल्या झोपाळ्यासारखा गरगर फिरून मोकळा होतो. छोटी छत्री पीळ पडलेला असतानाच गिरक्या घेत खाली निघते. गिरकीचा जोर वाढला की पीळ सोडवणं अवघड होतं, आणि उंची तर भराभर जातच असते. मग मुख्य छत्री तोडून टाकायची आणि रिझर्व्ह ओढायची, यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. म्हणून छत्री लहान करायची तर एकेक पायरीने करा, असं प्रशिक्षक सांगतात, आणि नव्या छत्रीची पहिली उडी जरा जास्त उंचीवर उघडायला लावतात.

छोट्या छत्र्यांनी एका सुरक्षायंत्राचीही पंचाईत केली. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र पाठीवरच्या पिशवीत असतं. सायप्रेस या यंत्राचं अनुभवी लोकांसाठीचं मॉडेल सुमारे २२५ मीटर उंचीवर वेग सेकंदाला ३५ मीटरहून जास्त आढळला, तर रिझर्व्ह बांधून ठेवणारा फास कापतं. पण जमिनीजवळ मुद्दाम सूर मारणारे लोक आपल्या चिमुकल्या छत्र्यांखाली हा वेग सहज ओलांडू शकतात. डोक्यावर छत्री धडधाकट असते, आणि यंत्राच्या लेखी माणूस अजून कोसळतोच आहे. अशांसाठी मग वेगळं मॉडेल काढावं लागलं, ४६ मीटरच्या मर्यादेचं.