कर्णोपकर्णी प्रसिद्धी (ऑनलाइन)

एखाद्या वस्तूबद्दल किंवा सेवेबद्दल लोकांनी आपणहून एकमेकांना सांगावे, यासाठी इंटरनेटवर केलेली योजना. बोलण्यात हिला ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. मजकूर झपाट्याने हातोहाती जावा असा तिचा प्रकार ‘व्हायरल मार्केटिंग’, तर वस्तूभोवती कुतूहल आणि चर्चा उभी करण्याचा प्रकार ‘बझ मार्केटिंग’ या नावाने ओळखला जातो. जाहिरातीत विक्रेता स्वतःच्या मालाचे गुण सांगतो. इथे सांगणारा ग्राहक असतो आणि सांगण्यातून त्याला बहुधा काही मिळायचे नसते. ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो नेमका याच गोष्टीमुळे. म्हणून ही प्रसिद्धी विकत घेता येत नाही. तिच्यासाठी मशागत तेवढी करता येते.

या विषयाचा अभ्यास इंटरनेटच्या बराच आधीचा आहे. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये मांडले की, प्रसारमाध्यमांचा प्रभाव बऱ्याचदा थेट पडत नाही. तो ओळखीतल्या जाणत्या माणसांमार्फत इतरांपर्यंत पोहोचतो. फ्रँक बास यांच्या १९६९ च्या गणिती प्रतिमानात नव्या वस्तूचे ग्राहक दोन प्रकारचे आहेत : काही स्वतःच्या विचाराने घेणारे, बाकीचे आधी घेतलेल्यांकडे पाहून घेणारे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की, नवी खबर अनेकदा जिवलगांकडून नव्हे, तर तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. इंटरनेटने या तोंडओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणला. शिवाय बोलणे हवेत विरते, लिहिलेले मागे उरते. पूर्वी गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागे. आता अनोळखी माणसाचा अभिप्राय वर्षांनंतरही खरेदीपूर्वी वाचला जातो.

सर्वांत गाजलेले सुरुवातीचे उदाहरण हॉटमेलचे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ही मोफत ई-मेल सेवा सुरू केली. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांच्या आग्रहावरून, पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही मोफत ई-मेल मिळवा’ अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली जाऊ लागली. सुमारे दीड वर्षात वापरकर्ते १ कोटी २० लाखांच्या घरात गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. इथे कुणालाही मुद्दाम शिफारस करावी लागली नाही. वापरणे हीच शिफारस होती. फायली इंटरनेटवर साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने निमंत्रण देणारा आणि स्वीकारणारा अशा दोघांनाही जादा साठवणजागा दिली. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार सप्टेंबर २००८ मधले सुमारे १ लाख वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाखांवर गेले. बक्षीस दोन्ही बाजूंना होते, म्हणून निमंत्रण देणाऱ्याला संकोच वाटला नाही. जीमेलने उलटा मार्ग धरला. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या या सेवेत बराच काळ निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता, आणि ते मिळणे हाच बोलण्याचा विषय झाला.

प्रसाराचे गणित साथीच्या रोगासारखे मांडतात. समजा, प्रत्येक ग्राहक सरासरी ५ जणांना सांगतो आणि त्यांपैकी १० टक्के ग्राहक होतात. म्हणजे एका ग्राहकामागे अर्धा नवा ग्राहक. हा गुणक १ च्या वर असेल तर साखळी वाढत जाते, खाली असेल तर विझते. गुणक १ च्या वर फार क्वचित जातो आणि गेला तरी टिकत नाही. शरद गोएल, डंकन वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सात वेगवेगळ्या ऑनलाइन प्रसारांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक साखळ्या पहिल्याच पायरीवर थांबलेल्या आढळल्या. पण १ च्या खालचा गुणकही वाया जात नाही, हे व्यवसायात फारसे कुणी लक्षात घेत नाही. वरच्या उदाहरणात सुरुवातीला १,००० ग्राहक असतील तर त्यांच्यामागून ५००, मग २५०, मग १२५ असे येत एकूण आकडा २,००० च्या जवळ जातो. कर्णोपकर्णी प्रसिद्धीने जाहिरात बंद होत नाही, तिचे फळ दुप्पट होते. आणि रोजच्या व्यवहारात हा लाभ एखाद्या चमत्कारिक ‘व्हायरल’ यशापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

लोक काय पुढे पाठवतात, याचे उत्तर जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी एका वृत्तपत्राच्या सुमारे ७,००० लेखांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये दिले. विस्मय, संताप किंवा चिंता जागवणारा मजकूर जास्त पाठवला जातो. उदास करणारा कमी. ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने २००६ पासून मिक्सरमध्ये गोट्या, फोन अशा वस्तू दळून दाखवणारे व्हिडिओ काढले. त्यात विस्मय होता आणि तो मिक्सरच्या ताकदीशीच बांधलेला होता. अनेक मोहिमा इथेच फसतात : लोकांना गंमत आठवते, वस्तू आठवत नाही.

तक्रारही याच वाटेने जाते. ज्युडिथ शेव्हेलिअर आणि डिना मेझलिन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन पुस्तकविक्री तपासली. चांगल्या अभिप्रायांनी खप वाढत होता, पण एका ताऱ्याच्या अभिप्रायाचा फटका पाच ताऱ्यांच्या लाभापेक्षा मोठा होता.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे पैसे देऊन घडवलेले आणि तसे न सांगितलेले बोलणे. २००६ मध्ये सोनीच्या पीएसपी या खेळयंत्रासाठी हौशी चाहत्याच्या नावाने चालवलेली वेबसाइट प्रत्यक्षात प्रचारमोहीम असल्याचे उघड झाले आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. अशा वेळी ग्राहकाची दुहेरी फसवणूक होते : वस्तूबद्दल आणि सांगणारा कोण याबद्दलही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणारी तिथली सरकारी संस्था) २००९ मध्ये शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा, ही अपेक्षा ऑनलाइन लेखनालाही लागू केली. बनावट आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांवर बंदी घालणारा तिथला नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आहे.

मोजमाप हा या प्रसिद्धीचा अवघड भाग. सार्वजनिक अभिप्राय, शेअर आणि निमंत्रणाचे दुवे मोजता येतात. खासगी संदेशांतून किंवा समोरासमोर झालेली शिफारस कोणत्याही आलेखात येत नाही. त्यामुळे अनेक कंपन्या अजूनही नव्या ग्राहकाला नोंदणीच्या वेळी साधा प्रश्न विचारतात : ‘आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळले?’